अब्बांचं पेन आणि भाच्याची पट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून बोलायचं तर सुरुवात रेडिओच्या दुरुस्तीपासून केलेली बरी. माझे वडील कराडला मंगळवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान कसलं, एका वाड्याच्या ओट्यालगतची लहानशी खोली. भिंतीला टेकवून ठेवलेले उघडे संच, खाली बसायला एक पोतं, टेबलावर काट्याचा मीटर आणि सगळीकडे सोल्डरिंगचा वास. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहायला लागलो आणि तो धंदा काही माझ्या हातात उतरला नाही. पण त्या खोलीत पाहिलेली एक गोष्ट आजच्या विषयाच्या मुळाशी आहे.

मुका झालेला रेडिओ समोर आला की अब्बा लगेच काही बदलायला घेत नसत. मागचं झाकण काढायचे आणि आवाजाच्या बटणामागच्या एका टोकाला बोट लावायचे. भोंग्यातून ‘हूंऽऽ’ असा घुमारा आला की मान डोलावायचे. म्हणजे इथून भोंग्यापर्यंतचा मुलूख शाबूत आहे, बिघाड त्याच्या मागं आहे. आम्ही घरी दखनी बोलतो. अब्बा म्हणायचे, “आवाज कहाँ तक जिंदा है, पैले वो देक.” आवाज कुठपर्यंत जिवंत आहे ते आधी बघ. (घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या संचात कुणी हा प्रयोग करू नये. अब्बांना सवय होती, आणि नशीबही बरं होतं.)

बोटानं भागत नसे तेव्हा ते पेन काढायचे. वर शाईपेनचं टोपण, आत दोन ट्रान्झिस्टर, चार-दोन बारीकसारीक भाग आणि एक पेन्सिल सेल. टोकाशी निबऐवजी सुई. ती सुई संचात जिथं टेकवावी तिथून भोंग्यातून बारीक शिट्टी निघे. भोंग्याकडून सुरुवात करून एकेक पायरी मागं यायचं. ज्या पायरीला शिट्टी बंद पडली, त्या पायरीत बिघाड. याला सिग्नल इंजेक्टर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. असल्या कामाची कंपनीची उपकरणं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळायची, पण त्या किमतीत आमचं घर दोन-तीन महिने चाललं असतं. मग अब्बांनी एका इंग्रजी मासिकातली आकृती पाहून ते घरीच केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. १९६० साली कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेव्हापासून गावात खोल्या घेऊन राहणारी पोरं आली. त्यांचे ट्रान्झिस्टर आमच्याकडं दुरुस्तीला यायचे. त्यांतल्याच एकानं मजकूर वाचून दाखवला आणि मजुरीतून सूट घेतली.

हे सगळं मला आठवलं ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, माझ्या आपाच्या घरी. आपा कृष्णाकाठी, रेठऱ्याच्या बाजूला राहते. दुल्हाभाईंचा थोडा ऊस आहे, नदीवर मोटार आहे. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज पाळीनं मिळायची, एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. कोयनेची वीज आमच्या डोक्यावरून पार मुंबईपर्यंत जाते आणि आमचा शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, यावर मी एक कविताही लिहून झालो आहे. कवितेनं मोटार चालू होत नाही. साप असतात, उसात बिबट्या असतो. म्हणून भाच्यानं, तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, घरीच एक पेटी केली. आत आरडुइनो उनो नावाचा बोर्ड, एक सिम घालायचं मॉड्यूल, आणि मोटारीला किती करंट जातो ते बघणारी कॉइल. मोबाईलवरून हुकूम दिला की मोटार चालू. आणि मोटारीनं पाणी धरलं नाही, कोरडी फिरायला लागली, की करंट कमी होतो. तो बघून पेटीनं आपणहून मोटार बंद करायची.

वर्षभर पेटी नीट चालली. एप्रिलमधल्या एका रात्री फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला, मोटार कोरडी फिरत राहिली आणि पेटीनं ती बंद केलीच नाही. सील जळालं, बेअरिंग धरलं, मग वायंडिंग गेलं. ओव्हरलोडचा रिले मध्येच पडतो म्हणून आधीच बायपास केलेला होता, जसा आमच्याकडं निम्म्या स्टार्टरांत असतो. मोटार भरून आणायला आठ दिवस, ऊस उन्हात. दुल्हाभाई पोराला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त पेटी उचलून माळ्यावर ठेवली आणि पुन्हा बॅटरी घेऊन रात्री जायला लागले. आपा मला फोनवर म्हणाली, “भाई, तूच समजाव दोघांना.” समजावणार काय? पोरगं म्हणत होतं, मी प्रोग्रॅम वीस वेळा वाचला, चूक सापडत नाही. पेटी बाहेरून धडधाकट होती. आवाज कुठपर्यंत जिवंत आहे हे बघायला सुई टेकवायची कुठं? सगळा कारभार एका काळ्या चिपच्या आत.

तेव्हापासून मी या गोष्टीचा इतिहास वाचत बसलो. कवीला न शोभणारा नाद आहे, पण मला त्यात रस वाटला. यंत्राच्या आत डोकावण्यासाठी माणसानं काय काय केलं, त्याचा हा इतिहास आहे.

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा, आणि ती शोधून काढणं म्हणजे डीबगिंग. हा शब्द संगणकाहून जुना आहे. थॉमस एडिसननं १८७८ सालच्या एका पत्रात आपल्या यंत्रांतल्या बारीक बिघाडांना हाच शब्द वापरला होता. पण गोष्ट प्रसिद्ध झाली ती ९ सप्टेंबर १९४७ ची. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या खोलीभर पसरलेल्या संगणकात एका रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवला आणि शेजारी गमतीनं लिहून ठेवलं की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. आम्ही शायर लोकांनी पतंगाला शमेवर जाळून जाळून थकवला; हा बिचारा रिलेत चेंगरून अमर झाला. मुद्दा असा की त्या यंत्रात माणूस डोळ्यांनी बघून बिघाड काढू शकत होता. रिले दिसत होते, दिवे लुकलुकत होते.

मग सगळं आक्रसत गेलं. १९७१ मध्ये इंटेल कंपनीनं गणित करणारा अख्खा भाग एका चिपवर आणला. १९७६ मध्ये तिच्याच ८०४८ या चिपमध्ये गणित, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे पाय एकत्र आले. हा मायक्रोकंट्रोलर. १९८० मध्ये त्याचा धाकटा पण जास्त हुशार भाऊ आला, ८०५१. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या हाच शिकवला गेला. घरातलं धुण्याचं यंत्र, विजेचं मीटर, गाडीचं इंजिन, जिथं थोडंसं शहाणपण लागतं तिथं अशी एखादी चिप बसलेली असते.

त्या काळातल्या काही चिपांच्या पाठीवर चक्क काचेची खिडकी असायची. आत लिहिलेला प्रोग्रॅम पुसायचा तर त्या खिडकीवर अतिनील प्रकाशाचा दिवा धरायचा, पंधरा-वीस मिनिटं. नंतर खिडकीला कागदाची पट्टी चिकटवायची, नाहीतर उन्हात ठेवल्यावर हळूहळू विसर पडायचा. चूक सापडली की पुन्हा पूस, पुन्हा लिही, पुन्हा लाव. खिडकीतून आतलं चांदीसारखं नक्षीकाम सगळं दिसायचं. कळायचं काहीच नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर तोडगा काढला होता. बोर्डावरची खरी चिप काढायची, तिच्या जागी एक फिशा बसवायची, आणि त्या फिशेमागं जाड केबलनं जोडलेलं एक मोठं यंत्र त्या चिपची नक्कल करणार. नकलेला मात्र वाटेल तिथं थांबवता येई, एकेक पाऊल चालवता येई, तिच्या पोटात कुठला आकडा आहे ते विचारता येई. ‘इन सर्किट एम्युलेटर’ हे त्याचं नाव. किंमत अशी की छोट्या माणसानं फक्त जाहिरातीत बघावं.

ऐंशीच्या दशकात बोर्ड इतके दाट झाले की कारखान्यातही पंचाईत झाली. तोवर तयार बोर्ड तपासायला खिळ्यांच्या गादीवर दाबून धरत. एकेक खिळा एकेक जोडाला टेकायचा, भीष्माच्या शरशय्येसारखा. चिपांचे पाय बारीक झाले, बोर्डांना थरावर थर आले, खिळा टेकवायला जागा उरली नाही. तेव्हा १९८५ मध्ये काही कंपन्यांची मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं की चिपच्या आतच तपासणीची वाट ठेवायची. चार तारांनी आत शिरायचं आणि एकेका पायाची अवस्था विचारून बाहेर यायचं. त्या गटाच्या नावावरून तिला ‘जेटॅग’ म्हणतात. १९९० मध्ये ते जागतिक मानक झालं. सुरुवातीला त्या वाटेनं फक्त जोड तपासायचे, पुढं त्याच वाटेनं प्रोग्रॅमची चूक शोधायला लागले. चिप काढायची गरज उरली नाही. खऱ्या चिपलाच विचारायचं, बाई, तू आत्ता कुठल्या ओळीवर आहेस?

भाच्याच्या पेटीतली चिप नॉर्वेची लेक. ट्रॉन्डहाइमच्या तंत्रसंस्थेत अल्फ एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिची मांडणी केली, आणि अमेरिकेतल्या ॲटमेल कंपनीनं दशकाच्या उत्तरार्धात ती ‘एव्हीआर’ या नावानं बाजारात आणली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावच्या मास्तर आणि विद्यार्थ्यांनी याच घराण्यातली चिप घेऊन आरडुइनो केलं, तेही कलेच्या विद्यार्थ्यांना जमावं म्हणून. २०१० मध्ये त्याचा उनो हा बोर्ड आला. उनोवरच्या चिपला ३२ किलोबाइट जागा प्रोग्रॅमला आणि फक्त २ किलोबाइट जागा चालत्या आकड्यांना. एवढ्यात पोरं काय काय करतात! पण ज्यांनी शिकाऊंसाठी एवढं सोपं केलं, त्यांच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये उनोला मध्येच थांबवून आत बघायची सोय नव्हती. चिपमध्ये ती होती. ‘डीबगवायर’ म्हणून, फक्त एका तारेची, आणि ती तार म्हणजे चिपचा रीसेटचा पाय. त्या तारेवरची भाषा मात्र कंपनीनं जाहीर केली नाही. बोलायचं तर कंपनीचं यंत्र घ्या, आणि त्याची किंमत चिपच्या कित्येक पट.

शेवटी हौशी लोकांनी कंपनीचं यंत्र आणि चिप यांच्यातलं बोलणं तारेवर कान लावून ऐकलं, लिहून काढलं, अर्थ लावला. पुढं जर्मनीत फ्रायबुर्गचे प्राध्यापक बर्नहार्ड नेबेल यांनी त्यावरून एक प्रोग्रॅम केला आणि सगळ्यांना मोफत दिला. तो दुसऱ्या एका उनोमध्ये घातला की तो उनोच बिघाड शोधणारं यंत्र होतो. एक उनो रोगी, दुसरा वैद्य. दोघांमध्ये जोडणारी पट्टी तेवढी लागते, आणि तीही घरी करता येते.

भाच्याला हे कळलं, पण त्याला धीर आला तो पाबळच्या आठवणीनं. पाबळ पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, पावसानं नेहमी पाठ फिरवलेलं गाव. तिथं १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. चांगली नोकरी सोडून हा माणूस माळरानावर आला आणि शाळेतून गळालेल्या पोरांना हातानं करत करत शिकवायला लागला. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, घर-आरोग्य, सगळं एकाच पोरानं शिकायचं, आणि जे शिकायचं ते गावाला उपयोगी पडलं पाहिजे. जमिनीचा विद्युत रोध मोजून पाण्याचा अंदाज घ्यायचं उपकरण तिथं तयार होत असे. जुन्या जीपचे भाग लावून छोटा ट्रॅक्टर केला होता. पुस्तकाला विरोध नव्हता, पण हात काळे झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही अशी रीत.

अमेरिकेत एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत नील गर्शनफेल्ड नावाचे प्राध्यापक १९९८ पासून ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ अशा नावाचा वर्ग घेत होते. त्यांना अशी प्रयोगशाळा बाहेरच्या जगात उभी करायची होती, जिथं साधा माणूस येईल आणि आपल्याला हवी ती वस्तू, सर्किटसकट, स्वतः करेल. तिला ते ‘फॅब लॅब’ म्हणत. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये कुठं निघाली? पाबळला. लंडनला नाही, टोकियोला नाही. दुधाची प्रत तपासायची, शेतावरची डिझेल इंजिनं नीट लावायची, असल्या कामाची उपकरणं गावातच करता येतील का, हा तिथला प्रश्न होता. २००३ मध्ये कलबाग गेले, पण आश्रम आणि लॅब चालत राहिली. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही, असं माझं मत आहे. साखर कारखान्याच्या निवडणुकीला आपण जितकी पानं देतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यानं भागेल.

या फॅब लॅबांचा जगभर एकत्र चालणारा एक अभ्यासक्रम २००९ पासून सुरू झाला, आणि पाबळची पोरंही त्यात शिकली. त्यातला एक धडा मला फार आवडतो. चिपमध्ये प्रोग्रॅम घालायला जे यंत्र लागतं, ते विकत आणायचं नाही. आधी तेच करायचं. तांब्याचा पत्रा लावलेली पट्टी घ्यायची, संगणकावर चालणारं छोटं कोरणीयंत्र ०.४ मिलिमीटरच्या पात्यानं तांबं कोरत जातं, वाटा उरतात. त्यावर भाताच्या शितापेक्षा लहान भाग हातानं सोल्डर करायचे. झालं यंत्र. पण त्या यंत्रातही एक चिप आहेच, आणि तिच्यात पहिला प्रोग्रॅम कोण घालणार? शेजारच्या मित्राचं आधी झालेलं यंत्र! त्यानं घातलं की आपल्या पट्टीवरचा एक जोड सोल्डर काढून तोडायचा. त्या क्षणापासून आपली पट्टी पुढच्याच्या पट्टीला शिकवायला मोकळी. विरजणासारखं आहे हे. शेजारणीच्या वाटीभर दह्यातून आपलं लागतं, आपल्यातून तिसरीचं.

भाचा डिप्लोमाला असताना पाबळला जाऊन आला होता. ते यंत्र चिपमध्ये लिहिणारं, याला हवं होतं आत बघणारं. पण रीत तीच. कोरणीयंत्र त्याच्याकडं नव्हतं. आपाची इस्त्री होती.

पट्टीचा आराखडा त्यानं संगणकावर काढला. वैद्य-उनोच्या डोक्यावर टोपीसारखी बसेल एवढी पट्टी. एका बाजूला सहा टोकांची जोडणी, तिथून रोग्याकडं जाणाऱ्या तारा. रोग्याची वीज पट्टीतून एका छोट्या मॉसफेटमार्फत द्यायची, कारण डीबगवायर चालू करायला रोग्याची वीज एकदा तोडून पुन्हा द्यावी लागते, आणि दर वेळी हातानं वायर उपटण्यात चूक होते. एक दिवा, तो सांगणार की संवाद जुळला की नाही. आराखडा चकचकीत कागदावर लेझर प्रिंटरवर छापला, तांब्याच्या पट्टीवर पालथा घातला आणि इस्त्रीनं दाबला. छपाईची काळी भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग पट्टी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात. जिथं काळं नाही तिथलं तांबं विरघळून जातं, काळ्याखालचं राहतं. आपाचा एक चांगला टब आणि न्हाणीची फरशी कायमची पिवळी झाली.

पहिली पट्टी वाया गेली. कागद पालथा घालायचा म्हणजे छपाई आरशातली हवी. यानं सरळ छापली. त्यामुळं सहा टोकांच्या जोड्या उलट्या झाल्या, जिथं रीसेट हवं तिथं जमिनीची तार आली. चिप जळाली नाही हे नशीब. दुसरी पट्टी बरोबर आली, तरी दिवा लागेना. दोन दिवस गेले. मग कळलं ते ऐकून मला हसू आलं. उनोच्या बोर्डावर रीसेटच्या पायाशी एक कपॅसिटर असतो, नवा प्रोग्रॅम येताना चिप आपोआप सुरुवातीला यावी म्हणून. डीबगवायरची तारही तोच पाय, आणि त्या कपॅसिटरमुळं तिच्यावरच्या नाजूक खुणा पुसल्या जातात. तेव्हा रोगी-उनोवरचा तो रस्ता तोडायचा. त्यासाठी बोर्डावर एक बारीक रेघ मुद्दाम ठेवलेली असते, ती ब्लेडनं कापायची. आणि वैद्य-उनोचं नेमकं उलट. त्याला संगणक जोडताच तो दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नये, म्हणून त्याच्या रीसेटला वरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. एकाचा काढायचा, दुसऱ्याला घालायचा. तो कपॅसिटर त्यानं पुण्याच्या तापकीर गल्लीतून नाही, अब्बांच्या पत्र्याच्या डब्यातून घेतला. डबा अजून आपाकडं आहे. जुना कपॅसिटर वाळलेला असतो म्हणून मीटरवर तपासून घेतला, दुसरा चांगला निघाला.

माळ्यावरची पेटी खाली आली. मोटारीच्या जागी त्यानं शंभरचा बल्ब लावला. दुल्हाभाई दारात उभे राहून बघत होते, आत आले नाहीत. पट्टीवरचा दिवा लागला. भाच्यानं संगणकावरून चिपला सांगितलं, मोटार चालू झाल्यावर करंट तपासायची वेळ आली की नाही हे जिथं बघतेस, त्या ओळीवर थांब. चिप थांबली. मग विचारलं, तू किती वेळ थांबणार आहेस? उत्तर आलं ४,२९,४९,४१,७६०.

हा आकडा हजारांश सेकंदांत आहे. दिवसांत काढला तर जवळजवळ ५० दिवस.

झालं होतं ते असं. मोटार सुरू झाल्यावर पाणी धरायला थोडा वेळ लागतो. तोवर करंट कमीच असतो, म्हणून पेटीनं आधी ३० सेकंद थांबून मग तपासायचं असं त्यानं लिहिलं होतं. एप्रिलमध्ये नदी खाली गेली, पाइप वाढवला, पाणी चढायला उशीर व्हायला लागला. दुल्हाभाई म्हणाले, अजून दहा सेकंद दे. यानं ३० चे ४० केले. चिपला वेळ हजारांश सेकंदांत लागते, म्हणून गुणिले १०००. ३० हजार चाललं, ४० हजार चाललं नाही. कारण या चिपवर साध्या पूर्णांकाच्या खणात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावतच नाही. पुढं गेला की मीटर फिरून शून्याच्या खाली जातो. ४०,००० चे झाले उणे २५,५३६. पुढच्या खणात उणे आकड्याला जागाच नव्हती, तिथं तो चारशे कोटींच्या वरचा आकडा होऊन बसला. दुल्हाभाईंनी मागितले दहा सेकंद, चिपनं दिले पन्नास दिवस. तेवढा वेळ ती इमानानं वाट बघत बसली, आणि मोटार जळाली.

वीस वेळा वाचूनही हे का दिसलं नसावं? ४० गुणिले १००० म्हणजे ४० हजार, हे आपण दुसरीत शिकलो. डोळा तिथं थांबतच नाही. आणि चिपला तिचा आकडा छापून दाखव म्हणावं तर तिची बाहेर बोलायची एकच वाट सिमच्या मॉड्यूलनं अडवलेली होती.

दुरुस्ती केवढी? १००० च्या पुढं दोन अक्षरं लिहिली, म्हणजे आकड्याला मोठा खण द्यावा असं चिपला कळतं. पुन्हा थांबवून विचारलं, उत्तर आलं ४०,०००. बल्बची तार काढली, चाळिसाव्या सेकंदाला रिले ‘टक’ करून पडला. आपा स्वयंपाकघरातून म्हणाली, “बंद पडलं का?” भाचा म्हणाला, “हां अम्मी, बंद पडलं.”

मग त्यानं डीबगवायर बंद केली, कारण ती चालू असेपर्यंत रीसेटचं बटण काम करत नाही. ब्लेडनं कापलेली रेघ सोल्डरचा डाग देऊन जोडली. ओव्हरलोडचा बायपास काढायला लावला, यावर मात्र बाप-लेकांत वाद झाला. पट्टी गुंडाळून अब्बांच्या डब्यात गेली, पेनाशेजारी. पेनातला सेल केव्हाच गळून गेला आहे.

पेटी शेतावर बसली. त्या आठवड्यात रात्रपाळीची वीज होती. मोबाईलवरून मोटार चालू व्हायची, बंद व्हायची. दुल्हाभाई तरी आठ दिवस रोज रात्री दोन वाजता उठून शेतावर जात राहिले.